अकरा फेरे

२ फेब्रुवारी

ताई, नमस्कार.

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहोत. फोन का केला नाही म्हणशील, तर माझा फोन आता माझ्याकडे असतोच कुठे? तो असतो आमच्या सचिवाच्या हातात. मी 'हॅलो' म्हणेपर्यंत त्याने दोन माणसांना वाटेला लावलेलं असतं, आणि मी बोलत असताना तो शेजारी उभा राहून वहीत काहीबाही टिपत असतो. शिवाय तुला डाव्या कानाने ऐकू येत नाही आणि फोन तू डाव्याच कानाला लावतेस. म्हणून पत्र.

इथलं बरं चाललं आहे. खासदार होऊन चार वर्षं झाली तरी माझी जागा मागून तिसऱ्या रांगेत, खांबाच्या आड. सभागृहात माझं अर्धं लक्ष त्या खांबाकडेच असतं. कानाला यंत्र लावायचं, दुसऱ्यांची भाषणं ऐकायची, मतदानाची घंटा वाजली की चहा टाकून धावत सुटायचं. नगरसेवक होतो तेव्हा दिवसाला दहा माणसं माझ्यावर ओरडायची, ते बरं होतं असं आता वाटतं.

३ मार्चला पाणीपुरवठ्याच्या कायद्यावर चर्चा आहे. पक्षाने बोलणाऱ्यांच्या यादीत माझं नाव घातलं. चार मिनिटं. आमचे नेते बैठकीत माझ्या पाणी खात्यातल्या जुन्या नोकरीवरून म्हणाले, "पाण्यावर आपला चावीवालाच बोलणार." सगळे हसले. मीही हसलो.

बरं, एक विचारायचं होतं. आपल्या घरासमोरचा रस्ता नव्या पाइपलाइनसाठी खोदणार असं कळलं. नक्की कधी? तुझ्या खिडकीसमोर विजेचा खांब आहे, त्याच्यापासून उताराच्या बाजूला सहा पावलांवर काय निघतं तेवढं बघून ठेव आणि मला कळव. कुणाला काही विचारू नकोस. फार काही नाही, सहज.

तुझा धाकटा


७ फेब्रुवारी

धाकट्या, आशीर्वाद.

सहज विचारणारा माणूस पावलं मोजून विचारत नाही. लहानपणी माझी कापडाची कात्री मोडलीस तेव्हा "ताई, लोखंड कशाने चिकटतं गं, सहज विचारतो" म्हणाला होतास. तेव्हापासून तू सहज काही विचारलंस की मी आधी कात्री जागेवर आहे ना ते बघते.

खोदकाम चौकापर्यंत आलं आहे. दिवसाला दहा-बारा हात सरकतं, म्हणजे माझ्या दारात यायला अजून दोन-अडीच आठवडे. इंजिनियर म्हणून एक पोरगी आली आहे, असेल पंचविशीची. पिवळं हेल्मेट डोक्यावरून सारखं नाकावर यायचं. मी आतून जाड कापडाची पट्टी शिवून दिली, तेव्हापासून चहाला माझ्या पायरीवर असते. तिच्या नकाशात खांबाजवळ एक व्हॉल्व्ह दाखवला आहे आणि रस्त्यावर तर झाकण दिसत नाही, त्यामुळे बिचारी वैतागली आहे. मुकादमकाका रोज काठी टेकत येतात आणि खड्ड्याच्या काठाशी खुर्ची टाकून बसतात. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली पण पाणी खात्याची नोकरी काही सुटत नाही. तिने त्यांना विचारलं, तर म्हणाले, "तिथे काही व्हॉल्व्हबिल्व्ह नव्हता, मला तरी आठवत नाही." नुसत्या आवाजावरून कुणाच्या घरचा नळ ते ओळखणारे काका! मला नवल वाटलं.

तर काय पुरून ठेवलं आहेस तिथे? सरळ लिही. मी साठी ओलांडली आहे, आता कशाने चक्कर येऊन पडणार नाही.

आणखी एक. लॉन्ड्रीवाल्या मावशींनी तुला वस्तीतल्या दवाखान्याबद्दल लिहिलं होतं. तुझ्या सचिवाचं छापील उत्तर आलं, 'आपल्या भावना पोहोचल्या.' ते घेऊन त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "भावना कुठे पाठवल्या होत्या मी? डॉक्टर मागितला होता." मला हसावं की रडावं कळेना. त्यांचं काम करून दे. खालच्या वस्तीसाठी तू जीव टाकतोस, पण मावशी दिसल्या की रस्ता बदलतोस, हे काय गौडबंगाल आहे?

ताई


१२ फेब्रुवारी

ताई,

हे पत्र तीनदा फाडून चौथ्यांदा लिहितो आहे. खोलीचं दार आतून लावलं आहे. सचिवाला सांगितलं, भाषण तयार करतो आहे.

खांबापासून सहा पावलांवर व्हॉल्व्ह आहे, आणि तो मी बंद केला आहे.

एकवीस वर्षांपूर्वीचा तो उन्हाळा तुला आठवत असेल. वरच्या आळीत तीन दिवसांआड करंगळीएवढं पाणी यायचं. मी वरच्या आळीचा चावीवाला होतो, दहा वर्षं रोज पहाटे त्या लांब दांड्याच्या चावीने व्हॉल्व्ह फिरवून लोकांना पाणी सोडत होतो. लोकांनी गळ घातली, "तूच उभा राहा." मी नोकरी सोडली, नगरसेवकाचा अर्ज भरला. चावी परत करायला गेलो तर ती जमा करून घेणारा कारकून रजेवर. म्हणून चावी घरी राहिली.

मग ती चौकातली सभा झाली. टाळ्या पडायला लागल्या आणि माझी जीभ सैल सुटली. म्हणालो, "परवा सकाळी वरच्या आळीत पाणी आलं नाही तर मला मत देऊ नका." खाली उतरलो तेव्हा भानावर आलो. पाणी काय माझ्या खिशात होतं?

खांबाजवळ लाइनला दोन फाटे फुटतात, एक वर जातो, एक खालच्या वस्तीत. तो व्हॉल्व्ह खालच्या फाट्यावरचा. तो दाबला की पाणी वर चढणार, हा साधा हिशेब. तो माझ्या हद्दीतला नव्हता, कधी हात लावला नव्हता. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, चावी टॉवेलात गुंडाळून गेलो आणि व्हॉल्व्ह बंद केला. अकरा फेरे. अकराव्याला घट्ट बसला. मी नोकरीत नव्हतो, मला तिथे हात लावायचा अधिकार नव्हता, आणि खालच्या वस्तीत सातशे घरं होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या आळीत पाणी आलं, दुसऱ्या मजल्यापर्यंत चढलं. लोकांनी मला खांद्यावर घेतलं. एक्केचाळीस मतांनी निवडून आलो.

ठरवलं होतं, निकाल लागला की गुपचूप जाऊन उघडायचा. पण निवडणुकीच्या तोंडावर रस्त्यावर डांबर पडलं आणि झाकण खाली गाडलं गेलं. खोदायचं तर कारण सांगावं लागणार, आणि खात्याची चावी माझ्याकडे कशी हेही. मी मूग गिळून बसलो. त्याच महिन्यात मावशींची लॉन्ड्री बंद पडली. पाटी उतरवताना मी लांबून बघितलं. वस्तीत जाऊन कुणाच्या नळाला पाणी येतं का, हे विचारायची हिंमत मला कधी झाली नाही.

वस्तीला वेगळी लाइन मिळवून द्यायला मला तीन वर्षं लागली. तीन उन्हाळे, ताई. मग शाळेचा मजला, गटारं, दवाखाना, जे जे करता आलं ते आधी खाली केलं. वरचे लोक म्हणायचे, हा खालच्यांचाच झाला. मला संसदेत पाठवलं तेही खालच्या वस्तीने. ते टाळ्या वाजवतात तेव्हा मला कुठे बघावं कळत नाही. आता तो व्हॉल्व्ह निघेल, बंद निघेल, आणि ती पोरगी विचारेल की हा कुणी बंद केला.

धाकटा


१६ फेब्रुवारी

धाकट्या,

हे मला माहीत होतं.

त्या दुपारी मी खिडकीत होते. शाळेच्या गणवेशांची काजं करत होते, अठ्ठावन्न सदऱ्यांची. दुपारी दोनचं ऊन, आणि खांबाजवळ माझा भाऊ वाकलेला. टॉवेल मीच शिवलेला होता, निळ्या काठाचा, लांबूनही ओळखला. दुसऱ्या दिवशी नळाला धो धो पाणी आलं, आणि दोन अधिक दोन करायला मला वेळ लागला नाही. त्या दिवशी मी हंडा भरला नाही. नळ तसाच वाहू दिला आणि मग त्याचाही राग येऊन बंद केला.

तू येऊन सांगशील म्हणून वाट बघितली. तू आलास ते गुलाल लावून. मी औक्षण केलं नाही, डोकं दुखतंय म्हणाले. आणखी एक सांगते आणि मग मन मोकळं होईल. त्या निवडणुकीत मी तुला मत दिलं नाही. तुझ्यासमोर उभ्या राहिलेल्या त्या टकल्या हेडमास्तरांना दिलं, ज्यांच्या एकाही सदऱ्याची कॉलर मला आजवर धड बसवता आलेली नाही.

मी तरी कुठे बोलले? तुझ्याइतकीच मीही गप्प बसले. बहिणीने आधी भावाचे कान धरावेत, मग जगाने. मी धरले नाहीत, कारण तू पहिल्यांदा कुणीतरी झाला होतास आणि मला ते आवडत होतं. चावी माळ्यावर ट्रंकेच्या मागे आहे. दर वर्षी साफसफाई करताना तिला तेल लावून ठेवते. का, ते मला विचारू नकोस.

खोदकाम सोमवार-मंगळवारी इथे पोहोचेल. मुकादमकाकांची खुर्ची आता माझ्या दारातच असते. दोन दिवस जेवले नाहीत म्हणे. सगळ्यांनाच त्या खड्ड्याचं काय झालं आहे?

ताई


२० फेब्रुवारी

ताई,

हेडमास्तरांना!

म्हणजे तू मला मत दिलं असतंस तर मी त्रेचाळीसने आलो असतो. एकवीस वर्षं लोकांना सांगत आलो की माझी पहिली मतदार माझी ताई. पण तुझं पत्र वाचून खूप दिवसांनी हलकं वाटलं, हेही खरं. निदान एक माणूस तरी मला पूर्ण ओळखून माझ्याशी बोलत होतं.

माझं ठरलं आहे. सोबत एक चिठ्ठी ठेवली आहे, इंजिनियरबाईंच्या नावाने. त्यात जे झालं ते सगळं लिहून खाली सही केली आहे, आणि पुढच्या निवडणुकीला उभा राहणार नाही हेही लिहिलं आहे. व्हॉल्व्ह बंद निघाला की तिच्या हातात दे. भाषणातून नाव मागे घेतो असं पक्षाला कळवणार होतो, सचिवाने रडकं तोंड करून २ मार्चपर्यंत मुदत मागून घेतली आहे. पाण्यावर मी बोलावं, हे माझ्याच घशाखाली उतरत नाही.

मावशींना मी स्वतः सांगेन. ते मात्र तुझ्यावर सोडणार नाही.

धाकटा


२६ फेब्रुवारी

धाकट्या,

आधी खुर्चीवर बस. बसलास? आता वाच. आणि मधलं गाळून शेवटाकडे उडी मारू नकोस, मी हे सगळं क्रमाने भोगलं आहे.

काल अकरा वाजता डांबराखाली झाकण लागलं. खाली चेंबर गाळाने भरलेलं, ते उपसायला तास गेला. तुझी चिठ्ठी माझ्या पदराच्या गाठीला. पोरगी स्वतः खड्ड्यात उतरली. तिच्याकडच्या एकाही चावीचं तोंड बसेना, जुना चौकोनी माथा. वैतागून म्हणाली, "आता ही चावी संग्रहालयातून आणायची का?" मी आत गेले, स्टुलावर चढले आणि माळ्यावरची चावी आणून तिच्या हातात दिली. ती माझ्याकडे बघतच राहिली. मी म्हटलं, "भाऊ पाणी खात्यात होता."

चावी बसली. तिने आणि दोन कामगारांनी बंद करायच्या बाजूने, म्हणजे उजवीकडे, जोर लावला. हलेना. पोरगी म्हणाली, "हा तर पूर्ण बंद आहे!" मी पदराची गाठ सोडायला घेतली.

तेवढ्यात मुकादमकाका खुर्चीतून उठले. काठी खाली पडली, ती उचलायचंही भान नाही. म्हणाले, "बाई, तो उलटा आहे. तसला गावात एकच बसवला होता. उजवीकडे फिरवला की उघडतो, डावीकडे फिरवला की बंद होतो."

पोरीने माथ्यावरचा चिखल पुसला, आणि खरंच, खाली बाण कोरलेला. मग तेल घालून डावीकडे फिरवला. आधी करकरला, मग फिरायला लागला. मी मोजत होते. पंधरा फेरे झाले तेव्हा बंद झाला. म्हणजे इतकी वर्षं तो सताड उघडा होता.

धाकट्या, तू बंद करायला गेलास आणि उघडून आलास!

मी पायरीवर बसले आणि हसत सुटले. पोरगी घाबरली, पाणी आणायला धावली. पण काका हसत नव्हते. म्हातारा माणूस खुर्चीत बसून डोळे पुसत होता. मी म्हटलं, "काका, काय झालं?" तर म्हणाले, "मी तो चार फेऱ्यांवर ठेवायचो. पंधरापैकी फक्त चार. वरच्या आळीतल्या मोठ्या लोकांनी दम दिला होता. हा उकरला की माझं पाप निघणार म्हणून मी व्हॉल्व्हच नव्हता असं सांगत होतो. पण मग उघडला कुणी?" चार आणि तुझे अकरा, पंधरा. मी त्यांना सांगितलं कुणी उघडला ते. का उघडला ते सांगितलं नाही, ते तुझं काम.

मग वरच्या आळीत पाणी आलं कसं? मीही हेच विचारलं. तर त्यांनी दुसरी गाठ सोडली. टाकीच्या तोंडाची जाळी दर महिन्याला साफ करायची असते. त्यांचे गुडघे धरलेले, अख्खा उन्हाळा ते टाकीवर चढलेच नव्हते. तू सभेत छातीठोकपणे 'परवा पाणी येईल' म्हणालास, त्यांना वाटलं तुला जाळीचं कळलं आहे आणि तू नाव न घेता त्यांना इशारा देतो आहेस. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गुडघ्यांना फडकी बांधून वर चढले. जाळीवर अख्खं गोणपाट अडकलं होतं. ते काढलं आणि सगळ्या गावाचं पाणी मोकळं झालं, वरचंही आणि खालचंही.

"त्याने माझी नोकरी वाचवली," म्हणाले, "कधी चारचौघांत बोलला नाही. देवमाणूस." एकवीस वर्षं ते तुझ्या पाया पडायला बघतात आणि तू त्यांना चुकवतोस, कारण तुला वाटतं त्यांना व्हॉल्व्हचं कळलं आहे!

चिठ्ठी मी दिली नाही. चुलीत टाकायला गेले, पण टाकली नाही. आता ती माझ्या मशीनच्या खणात आहे. भाषण कर.

ताई


४ मार्च

ताई,

पत्र परवा सकाळी मिळालं. 'सताड उघडा होता' इथे आलो आणि पुढची ओळच दिसेना. सचिव धावत आला, "साहेब, घरी काही वाईट?" मी त्याला मिठी मारली. चार वर्षांत पहिल्यांदा. तो इतका गोंधळला की माझा फोन माझ्याच हातात देऊन निघून गेला.

जीव भांड्यात पडला म्हणजे काय ते मला परवा कळलं. दुपारी जेवलो आणि बसल्या जागी झोपलो, दोन तास. उठलो तेव्हा मान दुखत होती आणि बाकी काहीच दुखत नव्हतं.

काल बोललो. कागद न घेता. म्हणालो, आमच्या गावात कुणी किती पाणी प्यावं हे एक माणूस एका चावीने ठरवायचा. तो माणूस मी होतो. ती चावी एका हातात ठेवू नका, आणि व्हॉल्व्ह किती उघडा आहे हे वस्तीतल्या कुणालाही वाचता येईल असं लिहा. अध्यक्षांनी घंटा वाजवली तेव्हा साडेचार मिनिटं झाली होती. मागून कुणीतरी बाक वाजवलं. खांबाआडून कोण ते दिसलं नाही.

सुटलो, ताई. मी कुणाचं पाणी तोडलं नव्हतं. आता हा विषय इथेच मिटवू. उगाच कुणाला सांगून काय करायचं?

धाकटा


९ मार्च

धाकट्या,

मलाही सुटल्यासारखं वाटतंय. त्या दिवसापासून मी नळाखाली हंडा लावताना गुणगुणते, शेजारीण विचारते, काय लॉटरी लागली का.

पण इतक्यात मिटवू नकोस. व्हॉल्व्ह उलटा होता, तू सुलटा नव्हतास. त्या दुपारी तू सातशे घरांचं पाणी तोडायला गेला होतास. तुझ्या हाताने तुझं ऐकलं नाही हे आपलं नशीब. पूर्वी तुला सांगायची भीती होती, आता ती नाही. मग अडचण काय? मावशींना स्वतः सांगेन म्हणून तूच लिहिलं होतंस, पत्र माझ्याकडे आहे. आणि वस्तीत पाणी होतं तर त्यांची लॉन्ड्री का बंद पडली, हे विचारायला तरी जाशील की नाही?

ये. गाड्यांचा ताफा आणू नकोस.

ताई


२४ मार्च

ताई,

तीन दिवस घरी होतो, पण तुझ्या माजघरात माणसांची इतकी दाटी की तुझ्याशी दोन शब्द धड बोलता आले नाहीत. परत इथे येऊन पत्रच लिहावं लागतंय. बघ, आपल्याला आता तसंच जमतं.

रविवारी दुपारी मी एकटा खाली गेलो. मावशी दुकानात इस्त्री करत होत्या. लॉन्ड्री कधीचीच पुन्हा सुरू आहे, मीच आत पाऊल ठेवलं नव्हतं. मला बघून म्हणाल्या, "डॉक्टर आणलास का?" मी म्हटलं, "पुढच्या महिन्यात रुजू होतोय, आदेश निघाला." "मग बस."

मी विचारलं, "मावशी, त्या उन्हाळ्यात तुम्ही लॉन्ड्री का बंद केली होती?" त्या म्हणाल्या, "मुलीला जुळं झालं, तिच्याकडे वर्षभर राहायला गेले. का रे?" बस, एवढंच. एकवीस वर्षं मी त्या पाटीचं ओझं वाहत होतो आणि ती जुळी आता कॉलेजात आहेत.

मग मी सांगायला तोंड उघडलं तर त्यांनीच हात वर केला. म्हणाल्या, "कशासाठी आलास ते मला माहीत आहे. त्या दुपारी मी तुला बघितलं होतं."

ताई, माझ्या तोंडचं पाणी पळालं. त्या तुझ्या घरी इस्त्रीचे कपडे द्यायला येत होत्या. मला चावी फिरवताना बघितलं आणि मागच्या मागे वळल्या. दुसऱ्या दिवशी वस्तीत पहिल्यांदा नळाला जोर आला. त्यांनी घरोघर जाऊन सांगितलं, "हा पोरगा नोकरी सोडून, तुरुंगात जायची भीती न बाळगता, भर दुपारी आपलं पाणी उघडून गेला. याला मत द्या, आणि मेलात तरी कुणाला बोलू नका." सगळी वस्ती माझ्या बाजूने पडली. आणि सातशे घरांनी आजवर तोंडातून शब्द काढला नाही, मला वाचवायला!

मला वाटलं, उठावं आणि जावं. त्यांच्या मनात मी इतका चांगला होतो की ते मोडवेना. पण तुझं 'सुलटा नव्हतास' डोक्यात घुमत होतं. मी सांगितलं. काहीही न गाळता, सभेपासून अकराव्या फेऱ्यापर्यंत.

त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली. मग म्हणाल्या, "म्हणजे तू आमचं पाणी बंद करायला आला होतास."

"हो."

"आणि शाळा, गटारं, दवाखाना, ते सगळं तू या लाजेपायी केलंस?"

"हो."

"मला वाटायचं, पोरगा लाजाळू आहे. मान वर करून बोलत नाही." मग त्यांना हसू फुटलं, असं की हातातला सदरा खाली पडला. "अरे, तुला तो व्हॉल्व्ह कळला असता तर आमच्या वाट्याला काय आलं असतं?"

मी विचारलं, "वस्तीला सांगणार?" म्हणाल्या, "सांगणार तर! इतकी वर्षं तुझी तारीफ करून माझी जीभ झिजली, ती काय फुकट? पण डॉक्टर येऊ दे. आधी सांगितलं आणि तू पुन्हा निर्दोष झालास, तर डॉक्टर राहून जायचा." निघताना मात्र माझा हात धरला आणि म्हणाल्या, "राग आलाय मला. उद्यापर्यंत जाईल. तोवर मान वर ठेव." मी पाया पडलो नाही, त्यांनी पडू दिलं नसतं. चढ चढून वर आलो आणि, खरं सांगतो, रडलो.

चावी परत करायला पाणी खात्यात गेलो. कारकून म्हणाला, "साहेब, वहीत ती हरवली म्हणून लिहिली आहे, आता सापडली तर सगळं बदलावं लागेल, घरीच ठेवा ना." शेवटी इंजिनियरबाईंनी घेतली. त्या व्हॉल्व्हला दुसरी बसतच नाही. नव्या झाकणावर तिने पांढऱ्या रंगाने मोठा बाण काढला आहे.

मुकादमकाकांनाही सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तरीही जाळी मीच साफ केली होती, हे लक्षात ठेव."

धाकटा


३० मार्च

धाकट्या, आशीर्वाद.

डॉक्टर पंधरवडा आधीच आला. त्याच संध्याकाळी मावशींनी वस्तीला सगळं सांगितलं. दोन दिवस खाली नुसता कल्ला. काही चिडले, काही अजून हसताहेत. आता पोरं नळ सोडताना 'अकरा' म्हणून ओरडतात. काल चारजण माझ्याकडे आले आणि म्हणाले, "भावाला सांगा, लाज उतरली असेल तर आता नुसत्या कर्तव्यापोटी करून दाखवा. शाळेचा दुसरा मजला बाकी आहे." मी म्हटलं, कळवते.

तुझी चिठ्ठी खणात तशीच आहे. पुढच्या निवडणुकीला उभा राहणार नाही ती ओळ मी कात्रीने कापून टाकली, बाकीची राहू दे. कधी छाती फार फुगली तर वाचायला दे म्हणून मागून घे.

खिडकीसमोरचा रस्ता बुजवला. तिथे आता ते पांढऱ्या बाणाचं झाकण दिसतं. काजं करताना नजर तिकडे जाते आणि मन निवांत होतं.

या खेपेला मत तुलाच देईन म्हणते. फक्त मतदानाआधी भर दुपारी घराबाहेर पडू नकोस. मी खिडकीतच असते.

ताई